हवेवर तळण्याचे यंत्र मिळणेबाबत

माफी मागायला एक तोंड पुरतं, असं लोक म्हणतात. लवंगीला त्यासाठी दीड किलो रताळी, तीन अर्ज आणि एक फ्यूज लागला.

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं होतं. वय सोळा. शाळा सुटली नव्हती, हिने सोडली होती, आणि सोडताना मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार असं आपटलं होतं की आतली घड्याळं अजून दोन मिनिटं मागे चालतात म्हणे. राग नाकावर, डोळे मात्र घारीचे. समोरच्याच्या शर्टाचं तिसरं बटण सैल आहे हे ती भांडता भांडता सांगायची.

आता माफी कुणाची मागायची, तर फिजिओ मॅडमची.

लवंगीचे बाबा शिंपी. कपडा कापण्यात त्यांचा हात असा, की सगळी पेठ त्यांना कटिंग मास्तर म्हणायची. तोच हात स्कूटर घसरून मनगटात मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं वाळक्या फांद्यांसारखी झाली होती. कात्री सोडा, चमचासुद्धा धरवेना. इस्पितळातल्या फिजिओ मॅडमनी चार महिने ती बोटं ओढली, वाकवली, पिळली. पहिल्याच दिवशी बाबा असे किंचाळले, की बाहेर बाकावर बसलेली लवंगी पडदा फाडत आत घुसली आणि मॅडमना "खाटीक" म्हणाली. बाहेर जाताना आणखीही एक म्हणाली, ते इथे नको.

त्यानंतर चार महिने ती बाकावरच बसून राहिली. बाबांचं एकेक बोट हलायला लागलं तशी तिची मान एकेक इंच खाली गेली. मॅडम रोज विचारायच्या, "आज आत नाही येणार का?" आणि ही छताकडे बघायची. आणि आता मॅडमची बदली झाली होती. शनिवार शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचला त्या इस्पितळातून निघणार, आणि पुन्हा कधी दिसायच्या नाहीत.

"नुसतं सॉरी म्हण की," आई म्हणाली.

"नुसतं नाही म्हणता येत."

हे खरं होतं. काही घरांत दिलगिरी रक्तातच नसते. तेव्हा हातात काहीतरी घेऊन जायचं ठरलं. बाबांना आठवलं, की मॅडमना रताळ्याचे तिखट फ्राईज जिवापाड आवडतात, पण तेल त्यांना सोसत नाही. म्हणून एअर फ्रायर. आणि सबंध इमारतीत एअर फ्रायर एकाच घरात होता: दुसऱ्या मजल्यावरच्या आवक-जावक काकांकडे.

काका पस्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होते. निवृत्त झाले ते फक्त कचेरीतून. मुलाने आठ महिन्यांपूर्वी पाठवलेला एअर फ्रायर त्यांनी खोक्यातून काढून बघितला होता, पुन्हा खोक्यात घातला होता आणि खोक्यावर नक्षीचं कापड घातलं होतं.

"काका, एअर फ्रायर द्या ना, संध्याकाळपर्यंत आणून देते."

"अर्ज?"

"काय?"

"अर्ज कुठे आहे? तोंडी मागणीची नोंद कशी ठेवायची?"

लवंगीच्या डोक्यात तिडीक गेली. पण शनिवार उजाडला होता आणि घड्याळात साडेनऊ झाले होते. तिने काकांच्याच टेबलावर कागद ओढला आणि लिहिलं, 'मला एअर फ्रायर पाहिजे.' काकांनी चष्म्यावरून वाचलं, चष्म्यातून वाचलं, आणि परत दिलं.

"विषय नाही."

"विषय एअर फ्रायर."

"विषय असा लिहायचा: हवेवर तळण्याचे यंत्र मिळणेबाबत. आणि 'पाहिजे' हा शब्द अर्जात बसत नाही. अर्जदाराला काही पाहिजे नसतं. त्याला विनंती असते."

दुसऱ्या अर्जात विषय आला, विनंती आली, तारीख राहिली. तिसऱ्या अर्जात तारीख आली, पण प्रयोजनाच्या रकान्यात लवंगीने 'खायला' असं लिहिलं. काका पेनचं टोपण हनुवटीवर आपटत विचार करू लागले. आतून काकूंचा आवाज आला.

"अहो, द्या की ते! आठ महिने खोक्यात सडतंय!"

"प्रकरण प्रक्रियेत आहे!" काका आत ओरडले.

"काका, तुमच्या शर्टाची कॉलर उलटी शिवलेली आहे," लवंगी म्हणाली. तिला काहीतरी बोलणं भाग होतं, आणि त्यातल्या त्यात हेच सौम्य होतं.

काकांनी कॉलर चाचपली, आणि त्या गडबडीत सही केली. पण वर एक अट घातली: यंत्र चालू असेपर्यंत मालक समक्ष हजर राहील. म्हणजे अकरा वाजता लवंगीच्या घरात एअर फ्रायर आला, आणि त्याच्या मागोमाग काका आले, स्वतःची खुर्ची घेऊन.

लवंगीच्या घराचं असं होतं, की पुढच्या खोलीत शिवणकाम, मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि मध्ये भिंत असूनही दोन्हीकडचं सामान एकमेकांकडे राहायला जायचं. पोह्यांच्या डब्यात बटणं सापडायची. त्या दिवशी आईला एका हॉटेलातल्या वेटरांचे पंधरा पांढरे शर्ट इस्त्री करून द्यायचे होते. इस्त्री तापली होती. लवंगीने एअर फ्रायरची पिन खोचली, बटण दाबलं, यंत्राने एक लांब उसासा सोडला आणि घरातलं सगळं बंद पडलं. पंखा, इस्त्री, रेडिओ, आईचा मूड.

"मी बटणाला हात लावलेला नाही, याची नोंद घ्यावी," काका म्हणाले.

फ्यूजची तार बाबांनी बदलली. डाव्या हाताने धरून, उजव्या हाताने पिळून. लवंगी चिडून पिठाचे डबे आपटत होती म्हणून तिने बघितलं नाही, काकांनी बघितलं. मग ठरलं, की इस्त्री आणि एअर फ्रायर आळीपाळीने चालवायचे. अठरा मिनिटं शर्ट, अठरा मिनिटं रताळी. घरात शिफ्ट ड्यूटी लागली.

तोवर बातमी इमारतभर झाली होती. इमारतीत कुणी दवाखान्यात असेल तर लोक दाराबाहेरून जातात, पण कुणी नवीन काही शिजवत असेल तर थेट आत येतात. तळमजल्यावरची मावशी पहिली आली.

"साल काढ, आणि अर्धा तास पाण्यात बुडवून ठेव. आतला चीक निघून जातो."

तिच्या मागून जिममध्ये शिकवणारा डंबेल. त्याचं खरं नाव विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण छाती सगळी त्याच्याकडेच होती.

"साल काढायचं नाही! सालात सगळी ताकद असते. आणि पाणी? पाणी लागलं की संपलं."

"मी चाळीस वर्षं रांधतेय रे."

"मावशी, एअर फ्रायरमध्ये रांधलंय का कधी?"

"तू रांधलंयस?"

"मी व्हिडिओ बघितलाय."

लवंगीने दोघांचंही ऐकलं, म्हणजे कुणाचंच ऐकलं नाही. दोन रताळी घेतली, अर्धी सोलली, अर्धी तशीच ठेवली, अर्धी बुडवली, अर्धी कोरडी, आणि सगळी रागाने कापली. रागाने कापलेल्या रताळ्याचे तुकडे कसे होतात, ते बघण्यासारखं असतं. काही आगपेटीच्या काड्या, काही दाराच्या पाचरी, आणि एक तर हुबेहूब बुटाच्या टाचेसारखा. तिखट, मिरपूड, मीठ लावून अठरा मिनिटांनी बाहेर काढले, तर काड्यांचा कोळसा झाला होता आणि पाचरी कच्च्या होत्या. टाच मात्र मधोमध बरी शिजली होती. ती डंबेलने खाल्ली.

"चव आहे," तो म्हणाला. "फक्त खाता येत नाहीये."

लवंगीने सुरी फेकली. फेकली म्हणजे ओट्यावरच, पण आवाज मोठा आला. साडेबारा वाजले होते. "नाही जायचं मला! कुणी सांगितलं होतं हे सगळं? सॉरी म्हणायला माणसं रताळी कापतात का?"

बाबा पुढच्या खोलीतून उठून आले. त्यांनी सुरी उचलली, डाव्या हाताने उजव्या हातात दिली, आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून मुठीभोवती मिटली. मग एक रताळं घेऊन त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं, ताग्यातलं कापड बघतात तसं.

"लांबी तीन इंच," ते म्हणाले. "जाडी तीन सूत, अर्ध्या इंचाला एक सूत कमी. सगळ्या पट्ट्या एका मापाच्या नसतील तर काही जळणार, काही कच्च्या राहणार. शिलाईतही तेच."

"अहो, खडू नका लावू त्याला!" आईने त्यांच्या हातातला खडू हिसकावला.

मग बाबांनी नखाने खुणा केल्या. गळ्यातली टेप काढून मोजलं. आणि कापायला लागले. खूप हळू. दर चौथ्या पट्टीला सुरी थरथरायची, मग ते थांबायचे, बोटं उघडायचे, मिटायचे, आणि पुन्हा सुरी लावायचे. तीन रताळी कापायला त्यांना पाऊण तास लागला. एवढ्या वेळात ते पूर्वी अख्खा सूट बेतायचे. पण लवंगी त्या पाऊण तासात एकदाही "आण इकडे, मी करते" म्हणाली नाही. तिच्या आयुष्यातला हा पाऊण तास वेगळा मोजायला हवा.

मावशीलाही कौतुक वाटलं असावं, कारण तिने शेवटचा आणि सगळ्यात धोकादायक सल्ला दिला. "वरून कॉर्नफ्लॉवर भुरभुरव थोडं. कुरकुरीत होतात."

लवंगीने फडताळातून पांढऱ्या पिठाचा डबा काढला, सढळ हाताने भुरभुरवलं, वर तिखट, मिरपूड, चमचाभर तेल चोळलं आणि पट्ट्या आत सोडल्या. दहा मिनिटांनी घरात वास सुटला. छान, स्वच्छ वास. फारच स्वच्छ. परीटघडीच्या कपड्यांचा असतो ना, तसा.

"माझी इस्त्री बंद आहे ना?" आई म्हणाली आणि नाक वर करून मागच्या खोलीत आली. तिने ओट्यावरचा डबा बघितला, आणि कपाळाला हात लावला. "अगं, ही खळ आहे!"

"खळ डब्यात कशाला ठेवतेस?"

"पुडी फाटली म्हणून! आणि वेटरांच्या शर्टांसाठी तिच्यात कोरडी नीळ मिसळलीय मी, ओल लागली की रंग सुटतो!"

यंत्राचा ड्रॉवर उघडला. तीन इंच लांब, तीन सूत जाड, सगळ्या एका मापाच्या पट्ट्या. रंग वांग्याचा. आणि कॉलरसारख्या ताठ. काकांनी एक उचलून टेबलावर उभी केली, तर ती उभी राहिली.

मावशी पदराआड हसायला लागली. आई हसायला लागली. बाबासुद्धा. लवंगी हसली नाही. ती पट्ट्यांकडे बघत होती. पाऊण तास. दर चौथ्या पट्टीला थरथर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रडू येतंय याचा तिला इतका राग आला, की तिने नाक पुसायला वेटरचा शर्ट घेतला.

"ए!" आई म्हणाली. मग म्हणाली, "राहू दे. धुवायचाच होता."

एक रताळं उरलं होतं. पावणेतीन वाजले होते. बाबांनी ते पुढे ओढलं. बोटं दमली होती, हे सगळ्यांना दिसत होतं. ते दोनदा थांबले, मग पाच मिनिटं नुसते बसले, मग पुन्हा लागले. मावशी म्हणाली नाही की साल काढा, डंबेल म्हणाला नाही की ठेवा. आईने जाऊन शेजारणीकडून कॉर्नफ्लॉवर आणलं आणि आधी जिभेवर ठेवून बघितलं. काका उठले आणि यंत्राचं तोंड स्वतःच्या रुमालाने आतून पुसलं, नीळ निघेपर्यंत. इतका वेळ एकही माणूस ओरडला नाही, असं त्या घरात झालं नव्हतं.

सव्वाचारला बावीस पट्ट्या तयार झाल्या. सोनेरी, कडेला लालसर. बावीसच. लवंगीने त्या स्टीलच्या डब्यात एका ओळीत लावल्या आणि धावत सुटली. मागून काका धावले.

"तुम्ही कशाला?"

"माल पोचल्याची नोंद कोण घेणार? चल, चल!"

इस्पितळाच्या दारावर पाटी होती: बाहेरील खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई आहे. पाटीखाली वॉचमन होता, पाटीपेक्षाही जाड.

"डबा इथे ठेवायचा."

"पेशंटला नाहीये, मॅडमना आहे."

"खाणं आहे ना? इथे ठेवायचं."

चार चाळीस. लवंगीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने तोंड उघडलं, आणि पुढचं वाक्य कुठल्या पातळीचं असणार होतं ते काकांना कळलं. ते मध्ये आले.

"कागद आहे का एखादा?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

वॉचमनने नकळत वही पुढे केली. काकांनी भिंतीला टेकून लिहिलं, एका दमात, खाडाखोड न करता. मग मोठ्याने वाचून दाखवलं. "विषय: रुग्णाच्या उजव्या हाताच्या प्रगतीचा पुरावा उपचारकर्त्यांसमोर सादर करणेबाबत. सदर रुग्ण चार महिन्यांपूर्वी चमचा धरू शकत नव्हता. सोबत त्याने आज स्वहस्ते कापलेले बावीस नग जोडले आहेत. तरी पुरावा गार होण्यापूर्वी आत सोडण्यात यावे, ही विनंती."

वॉचमनने कागद बघितला. डब्याचं झाकण उघडून बावीस नग मोजले. "पुराव्यावर बंदी नाही," तो शेवटी म्हणाला आणि बाजूला झाला.

लवंगी जिन्यापर्यंत गेली आणि वळली. तिच्या लक्षात आलं, की सकाळी फ्यूज बदलणारे बाबांचे हात काकांनी बघितले असणार, आणि आपण नव्हते बघितले. पण ते बोलायला वेळ नव्हता.

वॉर्डात मॅडम कपाट आवरत होत्या. एका हातात पिशवी, दुसऱ्यात रबरी चेंडूंची टोपली. लवंगी दारात उभी राहिली. रिक्षात तिने वाक्य पाठ केलं होतं, फार चांगलं वाक्य होतं. ते जिन्यावर कुठेतरी पडलं.

"हे घ्या," ती म्हणाली, आणि डबा असा पुढे ढकलला, की मॅडमना वाटलं काहीतरी परत करायला आलीय.

मॅडमनी झाकण उघडलं. वास घेतला. मग खायचं सोडून त्यांनी भलतंच केलं. एक पट्टी उचलली, दुसरी तिच्याशेजारी धरली. मग तिसरी. मग टेबलावर कागद पसरून सगळ्याच्या सगळ्या एकमेकींना लावून बघितल्या. टोकं सरळ रेषेत.

"कोणी कापल्या?"

"बाबांनी."

"सगळ्या?"

"याआधी तीन रताळी आणखी कापली. ती निळी झाली."

निळी कशी झाली, हे मॅडमनी विचारलं नाही. त्या स्टुलावर बसल्या आणि थोडा वेळ त्यांना पिशवीत काहीतरी शोधायचं होतं. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी एक पट्टी तोंडात घातली.

"मऊ पडल्यात," त्या म्हणाल्या.

"मग नका खाऊ!" लवंगी म्हणाली. सवयीने. आणि मग तिचा चेहरा असा झाला, की मॅडमना हसू फुटलं. ते हसू बघून लवंगीचा बांध फुटला.

"मी तुम्हाला खाटीक म्हणाले होते!"

"हो. आणि पडद्याबाहेर दुसरंही म्हणाली होतीस. मला ऐकू येतं गं."

"सॉरी! दोन्हीबद्दल! आणि थँक्यू!" हे सगळं तिने एवढ्या मोठ्याने म्हटलं, की पलीकडच्या पडद्याआडून कुणी म्हातारे आजोबा म्हणाले, "असू दे, असू दे पोरी."

मॅडमनी पडदा सारला. आजोबा खाटेवर बसले होते, उजवा हात उशीवर आणि बोटं अर्धवट मिटलेली, प्लास्टर निघालेल्या दिवशी बाबांची होती तशी. मॅडमनी डबा लवंगीच्या हातात दिला. "यांच्यापुढे धर. चेंडूला हे हात लावत नाहीत. बघू, याला लावतात का. आजोबा, चिमटीत धरायचं आणि तोंडापर्यंत न्यायचं. माझी शेवटची दहा मिनिटं आहेत."

आजोबांनी एक नजर मॅडमकडे टाकली, एक डब्याकडे. बोट आणि अंगठा जवळ आणायला त्यांना बराच वेळ लागला. पट्टी दोनदा सुटली. तिसऱ्यांदा उचलली. हात थरथरत वर निघाला, अर्ध्या वाटेवर थांबला, पुन्हा निघाला. मागोमाग वर आलेले काका दारात श्वास रोखून उभे होते. लवंगीला ओरडून सांगावंसं वाटत होतं, "न्या, न्या, थोडंच राहिलं!" पण तिने ओठ चावून धरले. पट्टी हनुवटीला लागली, मिशीला लागली, आणि आत गेली.

आजोबांनी चावलं. डोळे मिटले. विचार केला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

काकांनी डोळे गच्च मिटले. मॅडमनी लवंगीकडे बघितलं.

लवंगीने डबा आणखी पुढे केला. "कमीच आहे, आजोबा," ती म्हणाली. "दुसरी घ्या. त्याच हाताने."